पहिल्याच वर्षात मोठा ॲक्सिडेंट झाला असेल तर: पलंगापासून परत सीटपर्यंत

बाईक शिकून काही महिने झाले होते, क्लच-गिअरकडे लक्ष न देता गाडी जायला लागली होती आणि तेवढ्यात मोठा ॲक्सिडेंट झाला, ऑपरेशन झालं, पायात रॉड नाहीतर खांद्यात प्लेट आहे आणि आता दिवसभर छताकडे बघत पडून आहात, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी नवीन लोकांना बाईक शिकवतो, त्यामुळे मोठ्या ॲक्सिडेंटनंतर परत आलेले बरेच रायडर जवळून बघितलेत. काही फार छान परत आले, काही घाई करून परत पडले, आणि काहींनी शांतपणे ठरवलं की आता बाईक नको, तेही मला तितकंच बरोबर वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वीस वर्षं बाईक चालवलेला माणूस पडला तर बरा झाल्यावर त्याच्याकडे परत जायला काहीतरी असतं, हजारो वेळा मारलेले ब्रेक, हजारो वळणं, ते सगळं अंगात मुरलेलं असतं. नवीन रायडरकडे तो साठाच नसतो, त्याच्या अंगाला बाईकबद्दल सगळ्यात पक्कं काय लक्षात राहिलंय तर पडणं. म्हणून "बरा झालो की होतो तिथून सुरू करतो" हा हिशोब नवीन माणसाला लागू पडत नाही. हाड आपल्या वेगाने भरतं, मन आपल्या वेगाने सावरतं, हाताची सफाई यायला अजून वेगळा वेळ लागतो, आणि या तिघांत जे सगळ्यात हळू चाललंय त्याच्या वेगाने जायचं.

पहिले काही आठवडे

मोठ्या ॲक्सिडेंटमध्ये डॉक्टर आधी जीव वाचवतात, मोठी हाडं बसवतात, आणि त्या गडबडीत हाताची-पायाची छोटी हाडं, लिगामेंट वगैरे राहून जाऊ शकतात. हे कोणाच्या निष्काळजीपणामुळेच होतं असं नाही, मांडीचं हाड मोडलेलं असताना अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय हे स्वतःलाच जाणवत नाही. म्हणून जसजसं उठायला-बसायला, कुबड्या धरायला लागाल तसतसं नवीन काय दुखतंय ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला एकेक करून दाखवा. खास करून मनगट. पडताना आपण हात पुढे टाकतो आणि स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं, अंगठा ताणला की मनगटाच्या कडेला जो खळगा दिसतो तिथे दाबल्यावर दुखतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतही नाही, १० ते १४ दिवसांनी परत एक्स-रे किंवा एमआरआय करावा लागतो. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखरं होतं. ज्या मनगटाने थ्रॉटल फिरवायचा किंवा क्लच दाबायचा त्याच्याबाबतीत "मुरगळलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

काही लक्षणं अशी आहेत की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. प्लास्टरमधल्या किंवा ऑपरेशन झालेल्या पायात गोळी घेऊनही न थांबणारी, वाढत जाणारी कळ, बोटं कोणी नुसती वर ओढली तरी जीव जाईल असं दुखणं, पाय दगडासारखा कडक आणि बधिर, हा स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याचा प्रकार असू शकतो आणि त्यात काही तासांत स्नायू मरतात. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, छातीत दुखणं, ही रक्ताच्या गाठीची लक्षणं. डोक्याला मार लागला असेल आणि डोकेदुखी वाढत चालली, परत परत उलट्या झाल्या, बोलणं अडखळायला लागलं, माणूस जागाच होत नाहीये, तर एक मिनिटही थांबू नका. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी हळूहळू होतो आणि काही आठवड्यांनी लक्षणं दिसतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. घरात जो कोणी सोबत असेल त्याला ही लक्षणं पाठ असू द्या, कारण पेशंटला स्वतःला ते कळेलच असं नाही.

फासळ्या मोडल्या असतील तर दुखतंय म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. छातीशी उशी घट्ट धरा आणि खोकायचं असेल तेव्हा खोका, दर तासाला काही खोल श्वास घ्या. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन छोट्या चेंडूंचं यंत्र दिलं असेल तर ते टेबलावर शोभेला ठेवू नका. पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली करत राहणं हे पण फालतू वाटतं पण रक्त साकळू नये म्हणून तेच कामाला येतं, फक्त ज्या पायाला हलवायची परवानगी नाही तो सोडून.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल दोनच गोष्टी. पॅरासिटामॉल बऱ्याच मिक्स गोळ्यांमध्ये आधीच असतं, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून डबल डोस जाऊ शकतो, निरोगी मोठ्या माणसाला सुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही आणि लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. आणि ट्रॅमाडॉलसारख्या कडक गोळ्यांनी पोट गच्च होतं, झोप येते, सवयही लागू शकते, बरेच आठवडे चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून कमी करत आणा. ह्या गोळ्या चालू असेपर्यंत कुठलंही वाहन चालवायचा विषयच नाही.

सिगारेट ओढत असाल तर हाड जुळेपर्यंत तरी सोडा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, काही वेळा जुळतच नाही. प्रोटीन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हे सगळं हवंच आहे पण ते सगळं खाऊन वर सिगारेट चालू ठेवली तर अर्धी मेहनत फुकट.

हाड कधी भरणार

हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्यांना एक तारीख हवी असते. ढोबळ अंदाज असा की मोडल्या जागी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, मग ६ ते १२ आठवड्यांत तो कडक होत जातो आणि त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षाच्यावर, हाड स्वतःला घासून-पुसून मूळ आकारात आणत असतं. कॉलरबोन मोठ्या माणसात साधारण ६ ते १२ आठवडे घेतं, नडगीचं हाड ४ ते ६ महिने आरामात घेतं, जखम उघडी असेल तर अजून जास्त. नडगीवर पुढून मांस जवळजवळ नसतंच, नुसती कातडी, म्हणून बाईकच्या ॲक्सिडेंटमध्ये ते हाड कातडी फाडून बाहेर येण्याचं प्रमाण जास्त असतं आणि इन्फेक्शनची भीतीही. टाक्यांतून पाणी यायला लागलं, लाली पसरतेय, ताप आला की लगेच दाखवा.

इथे एक गैरसमज फार बघतो. रॉड किंवा प्लेट टाकली म्हणजे हाड जुळलं असं लोकांना वाटतं. धातूने हाड फक्त जागेवर धरून ठेवलंय, जुळायचं काम हाडालाच करायचंय, आणि ते जुळायच्या आधी सारखा जोर दिला तर धातूसुद्धा थकून तुटतो. म्हणून डॉक्टर म्हणतात पाय टेकवायचा नाही तेव्हा त्याचा अर्थ टेकवायचा नाही असाच आहे, "दुखत नाहीये म्हणून थोडा टेकवला" हे चालत नाही. नंतर थोडं वजन टाकायची परवानगी मिळाली, समजा २० किलो, तर ते २० किलो म्हणजे नेमकं किती हे अंदाजाने कोणालाच कळत नाही, वजनकाट्यावर तो पाय ठेवून काटा २० वर येईपर्यंत दाबून बघा, रोज दोन-चार वेळा केलं की पायाला ते वजन ओळखीचं होतं.

कुबड्या घेतल्या की त्यांची उंची नीट करून घ्या, काखेत आणि कुबडीच्या टोकात दोन-तीन बोटं जागा हवी आणि भार तळहातावर, काखेवर लटकलात तर तिथली नस दबून हात बधिर होतो. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय आणि कुबड्या खाली. एकाच कुबडीवर आलात की ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, बहुतेक जण त्याच बाजूला धरतात आणि मग लंगडायची सवय लागते ती नंतर जाता जात नाही.

हात लुळा पडला असेल तर

ह्याला वेगळी जागा देतोय कारण हा बाईकवाल्यांचाच आजार आहे म्हटलं तरी चालेल आणि यात वेळ गेला की परत मिळत नाही. पडताना हेल्मेट घातलेलं डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला असा जोरात ताण बसला की मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, ज्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात, ते ताणलं जातं किंवा मुळापासून उपटतं. हात उचलत नाही, कोपर वाकत नाही, बधिर आहे, किंवा विजेचा झटका बसावा तशी जळजळ. कधी कधी कॉलरबोनही मोडलेलं असतं आणि सगळे म्हणतात हाड जुळलं की हात चालेल. नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत पोचायला वर्षाच्यावर जातं, आणि तोपर्यंत सिग्नल न मिळालेला स्नायू कायमचा वाळू शकतो. म्हणून नस जोडायचं ऑपरेशन लागणार असेल तर ते साधारण पहिल्या ३ ते ६ महिन्यांत झालेलं सगळ्यात बरं. हात हलत नसेल तर "बघू, येईल हळूहळू" म्हणत बसू नका, पहिल्या काही आठवड्यांतच नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवा, आणि तोपर्यंत फिजिओकडून सांधे मोकळे ठेवून घ्या म्हणजे नस आली तर हलवायला सांधा शिल्लक असेल.

फिजिओ

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आहे आणि सगळा निकाल याच्यावर लागतो. दोन आठवडे पडून राहिलात तरी मांडीचा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्या दिवसांपासून गुडघा गादीवर दाबून मांडी ५ सेकंद आवळून धरणं, सोडणं, हे दिवसातून बऱ्याच वेळा. खांदा झोळीत असेल तरी बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहायचं, नाहीतर महिन्याभराने हाड जुळलेलं असतं आणि कोपर आखडलेलं असतं. नंतर खांद्यासाठी पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके गोल फिरवायचे, तेही परवानगी मिळाल्यावरच.

फिजिओला पहिल्याच दिवशी सांगा की मला बाईक चालवायची आहे. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर चालणं, जिना, आंघोळ हे टार्गेट असतं, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगळी आणि बाईकसाठी लागणारी वेगळी. रायडरला डाव्या हाताची अशी पकड लागते की क्लच तासभर दाबत-सोडत राहिला तरी बोटं थरथरत नाहीत, उजव्या मनगटात थ्रॉटल धरून ब्रेकची बोटं वेगळी चालवता आली पाहिजेत, घोट्याला गिअर वर उचलण्याइतकी जान हवी, मान दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत वळायला हवी. आणि एका पायावर उभं राहता यायला हवं, दोन्ही पायांवर आळीपाळीने, कारण सिग्नलला गाडी थोडी कलली की तिचं वजन त्या एका पायावर येतं. हे फिजिओसमोर म्हटलं की ते व्यायाम त्याप्रमाणे बदलून देतात.

नडगीत रॉड असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं बऱ्याच जणांना बराच काळ राहतं, गुडघ्यावर बसताना जास्त, त्याने घाबरून व्यायाम बंद करू नका, फिजिओला सांगा. कॉलरबोनवर प्लेट असेल तर बॅगेचा पट्टा आणि जॅकेटची कॉलर नेमकी तिथेच घासते, जॅकेट घ्यायच्या वेळी हे लक्षात ठेवा.

रस्त्यावर घासून साल निघालेल्या जखमांना लोक किरकोळ समजतात. त्यातले खडे-माती नीट धुऊन काढले गेले नाहीत तर त्वचेत काळे डाग कायमचे राहतात, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की नाही विचारून घ्या, जखम उघडी ठेवून खपली सुकवण्यापेक्षा ओलसर ड्रेसिंगखाली ती चांगली भरते, आणि नवीन कातडीला साधारण वर्षभर उन्हापासून जपा.

डोकं आणि मन

डोक्याला मार लागून काही वेळ भान हरपलं, काही आठवत नाही, गरगरतं, उजेड सहन होत नाही, तर पहिले एक-दोन दिवस खरी विश्रांती, मोबाईल-टीव्ही कमीत कमी, आणि मग हळूहळू रोजची कामं. बहुतेक मोठ्या माणसांना २ ते ४ आठवड्यांत बरं वाटतं पण काहींना महिने लागतात. ह्या काळात डोक्याला परत मार लागणं फार महागात पडतं, म्हणून हात-पाय धडधाकट असले तरी बाईक नाही. मार लागल्यानंतर फिट आली असेल तर बऱ्याच देशांत ठराविक काळ गाडी चालवायला कायद्याने बंदी असते, लपवू नका, तुमच्यासाठी आणि समोरून येणाऱ्यासाठीही.

आता मनाचं. रात्री दचकून उठणं, तो आवाज परत ऐकू येणं, हॉर्न वाजला की छाती धडधडणं, गाडीत नुसतं शेजारी बसलं तरी हात आवळून जाणं, पहिल्या महिनाभरात हे फार जणांना होतं आणि तो भित्रेपणा नाही, मेंदू धोका विसरू नये म्हणून करतोय ते. बहुतेकांचं आपोआप ओसरत जातं. महिना उलटून गेला आणि कमी व्हायच्या ऐवजी तसंच आहे किंवा वाढतंय, त्या रस्त्याचं नाव काढलं तरी विषय बदलता, चिडचिड, झोप नाही, तर तो पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार असू शकतो आणि त्याला नेमके उपचार आहेत, ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून त्या आठवणीवर काम करणारी थेरपी). जा त्यांच्याकडे, हाडाच्या डॉक्टरकडे जाताना लाज वाटली नव्हती ना. दारूने झोप आल्यासारखी वाटते पण हेच सगळं लांबत जातं.

ॲक्सिडेंटचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर एकट्याने परत परत बघत बसू नका. मधला तुकडा आठवत नसेल तर तो ओढून आणायचा प्रयत्न नको, डोक्याला मार लागल्यावर ती आठवण मुळात साठवलीच गेलेली नसते. आणि मागे बसलेल्या माणसाला लागलं असेल तर ते ओझं वेगळंच असतं, त्याच्याशी बोला, भेटायला जा, अवघड जातं पण न बोलता वर्ष काढलेल्या मित्रांना मी बघितलंय, दोघंही आतून झिजतात.

घरचे म्हणतील आता बाईकचं नाव काढू नकोस, आणि ग्रुपमधले म्हणतील जितक्या लवकर परत बसशील तितकी भीती लवकर जाईल. दोघंही प्रेमाने बोलतायत आणि दोघांचंही आत्ता ऐकू नका. कडक गोळ्या चालू असताना, झोप नसताना, नोकरीचं काय होणार ही चिंता असताना बाईक सोडायची की ठेवायची हे ठरवायचंच नसतं. घरच्यांना सरळ सांगा की कुबड्या सुटेपर्यंत मी हा निर्णय घेत नाहीये, तुम्हीही तोपर्यंत विचारू नका. हॉस्पिटलच्या बाहेर बसून त्यांनी जे काढलंय ते तुम्ही बघितलेलं नाही, त्यांची भीती खरी आहे, पुढे परत चालवायचं ठरवलंत तर कसं शिकणार, काय घालणार हे त्यांना बसवून सांगा.

कागद आणि बाईक, थोडक्यात

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, सगळे एक्स-रे, बिलं एका फाईलमध्ये, शिवाय सगळ्याचे फोटो. फाटलेलं जॅकेट आणि हेल्मेट क्लेम संपेपर्यंत टाकू नका, पुरावा असतो तो. आणि नुकसानभरपाईच्या शेवटच्या कागदावर सही करायची घाई नको, गुडघा किती वाकणार हे अजून तुम्हालाच माहीत नसताना रक्कम कशी ठरणार.

बाईक दुरुस्त करायला टाकलीत तर नुसत्या काचा, इंडिकेटर आणि टाकीचा पेंट बघू नका. पुढचा फोर्क वाकलाय का, फ्रेम सरळ आहे का, स्टिअरिंगचं बेअरिंग, रिम, ब्रेकची डिस्क आणि लिव्हर हे माहितगार माणसाकडून तपासून घ्या. चाक सरळ ठेवल्यावर हँडल तिरकं दिसत असेल तर काहीतरी वाकलंय. हेल्मेट मात्र दुरुस्त होत नाही, आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो आणि दबला की संपला, बाहेरून एक ओरखडा नसला तरी नवीनच घ्या.

परत बसायच्या आधी समजून घ्या की झालं काय

हे काम मी प्रत्येक परत येणाऱ्याबरोबर करतो, गाडीला हात लावायच्या आधी, कागद-पेन घेऊन. चूक कोणाची हा मुद्दा बाजूला ठेवायचा, तो पोलीस आणि इन्शुरन्सवाले बघतील. आपण विचारायचं ते असं, धोका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी किती लांब होतो, नजर कुठे होती, बोटं ब्रेकवर होती का, कुठला ब्रेक दाबला, किती जोरात.

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या टीमने लॉस एंजेलिसच्या आसपासचे ९०० बाईक ॲक्सिडेंट जागेवर जाऊन तपासले होते, त्याचा रिपोर्ट १९८१ मध्ये आला, जुना आहे पण त्यातल्या काही गोष्टी मला आजही रोज दिसतात. साधारण तीन चतुर्थांश ॲक्सिडेंट दुसऱ्या वाहनाशी धडकून झालेले, त्यातल्या दोन तृतीयांश वेळा समोरच्याने बाईकवाल्याचा हक्काचा रस्ता अडवलेला, म्हणजे पुढ्यातून वळला किंवा मध्ये आला. बाईकवाल्याला काहीतरी करायला २ सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळालेला. निम्म्याहून जास्त रायडरना त्या गाडीवर ५ महिनेसुद्धा झाले नव्हते. आणि ९२ टक्के लोक स्वतःच नाहीतर घरच्या-मित्रांकडून शिकलेले. एकट्यानेच पडलेले जे होते त्यात बहुतेक वेळा ब्रेक चुकीचा मारलेला किंवा वळणावर गाडी बाहेर गेलेली.

ते ५ महिने आणि ९२ टक्के नीट वाचा. तुमच्यात काहीतरी खोट आहे म्हणून झालं असं समजू नका, नवीन गाडी आणि कोणी नीट न शिकवणं ही जोडीच धोक्याची आहे, आणि यातलं शिकणं तुमच्या हातात आहे. ६० च्या वेगात १ सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर बोट जायच्या आतच तेवढं अंतर गेलं. मिळालेल्या त्या दोन सेकंदांत हाताने आपोआप योग्य काम करायचं तर ते आधी शेकडो वेळा मोकळ्या जागेत केलेलं असावं लागतं.

पुन्हा सीटवर

सर्जनने एक्स-रे बघून हाड जुळलंय सांगितलं, फिजिओने ताकद बघितली, कडक गोळ्या बंद झाल्या, झोप बरी लागतेय, आणि तुम्हाला स्वतःला जायचंय, हे सगळं जमलं की मग.

पहिल्या दिवशी इंजिन चालूच करायचं नाही. मेन स्टँडवर किंवा कोणीतरी धरलेल्या गाडीवर बसा, हेल्मेट घालून, हात हँडलवर. छाती धडधडायला लागली तर उतरू नका लगेच, श्वास मोठा सोडत बसून राहा, धडधड कमी होते का बघा, कमी झाली की उतरा. वाढतच गेली तर उतरा आणि उद्या परत बसा, त्यात काही हरलात असं नाही. मग गाडी सरळ धरून एका बाजूला थोडी कलू द्या आणि पायाच्या जोरावर उभी करा, दुसऱ्या बाजूला तसंच, मदतीला माणूस पाहिजेच. क्लच आणि पुढचा ब्रेक बसल्या बसल्या भरपूर वेळा दाबा. मनगटात कळ येत असेल तर फिजिओकडे परत जायचं, रस्त्यावर जायचं नाही.

नंतर बंद मैदान आणि शिकवणारा माणूस. मित्र नको, मित्र तुम्हाला खूश करायला बघतो. पहिल्या गिअरमध्ये सुटणं-थांबणं, हाफ क्लचवर हळू गाडी, आठचा आकडा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं ते ब्रेकिंग. बऱ्याच नवीन लोकांना पुढच्या ब्रेकची भीती असते आणि ॲक्सिडेंटनंतर ती दुप्पट होते, पण ब्रेक लागताना वजन पुढे येतं आणि सरळ कोरड्या रस्त्यावर थांबवायचं मोठं काम, साधारण ७० टक्के, पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्यात नाही आवळायचा, आधी हलका, वजन पुढे आलं की मग घट्ट, गाडी सरळ, नजर लांब. २० च्या वेगापासून सुरू करा, ३०, ४०, आणि इतक्या वेळा करा की कंटाळा येईल. गाडी बदलायची असेलच तर एबीएसवाली घ्या, घाबरल्यावर ब्रेक जास्त आवळला जातोच, तेव्हा ते चाक लॉक होऊ देत नाही.

नजरेचं पण सांगतो. आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, आणि घाबरलेला माणूस नेमका खड्ड्याकडे, ट्रककडे, कठड्याकडे बघतो. वळणावर हनुवटी वळणाच्या शेवटाकडे फिरवायची सवय मैदानातच लावून घ्या.

रस्त्यावर पहिल्यांदा जाल तेव्हा रहदारी कमी असलेली वेळ, कोरडा रस्ता, ओळखीचा भाग, आणि पुढे-मागे कोणीतरी. ॲक्सिडेंटची जागा लवकर पार करून टाकावी असा काहींचा हट्ट असतो, त्याची काही गरज नाही, जाल तेव्हा जाल, आधी दुसऱ्याच्या गाडीत बसून जा. थकवा फार लवकर येतो हे लक्षात ठेवा, शरीर अजून दुरुस्तीच्या कामात असतं, म्हणून अर्ध्या तासाच्या आत घरी. मागे कोणाला बसवायचं नाही, पावसात नाही, रात्री नाही, हे काही महिने तरी. घोट्यावरून जाणारे बूट, आर्मरवाली पॅन्ट आणि जॅकेट, ग्लोव्ह्ज हे सगळं रोज, जॅकेट घेताना आत ईएन १७०९२ चं, म्हणजे रायडरच्या कपड्यांच्या युरोपियन स्टँडर्डचं लेबल बघा, त्यावर एए किंवा एएए हा दर्जा असेल तर घासण्याला चांगलं टिकतं, आणि हेल्मेटवर ईसीई २२.०६ हा हेल्मेटचा आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड किंवा तुमच्या देशातला चालू स्टँडर्डचा मार्क.

मध्येच एखाद्या दिवशी सगळं छान चाललेलं असताना कुठेतरी टायर किंचाळतो आणि हात गारठतात. बाजूला घ्या, स्टँड लावा, हेल्मेट काढा, पाच-दहा मिनिटं उभे राहा, बरं वाटलं तर चालवत जा, नाही वाटलं तर गाडी तिथे लावून दुसऱ्या कशाने घरी जा. गाडी उद्या आणता येते.

पुढे वर्ष-दीड वर्षाने काही जण प्लेट किंवा रॉड काढून घेतात, प्रत्येकाला गरज नसते, त्रास होत असेल तर सर्जनशी बोला. काढलीत तर एवढं नक्की विचारा की किती दिवस बाईक बंद, कारण स्क्रू निघाले की त्यांच्या भोकांमुळे ते हाड काही आठवडे ते काही महिने कच्चं असतं आणि किरकोळ पडण्यानेही तिथेच परत मोडू शकतं. तेवढे दिवस बॅटरीची वायर काढून, टायरमध्ये हवा भरून गाडी झाकून ठेवा, आणि परत सुरुवात कराल तेव्हा पहिले दोन-तीन दिवस मैदानात ब्रेकिंगचेच.